नानांचा फोन चार्ज होत नाही आणि मागचं झाकण उचललंय. आधी काय करू?

विणकराची लेक

नमस्कार. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. माझे नाना (वडील) चादरीच्या कारखान्यात मागावर आहेत, दिवसाचे दहा-बारा तास पत्र्याच्या शेडात. त्यांचा फोन अडीच वर्षांचा आहे. अँड्रॉइड, टाइप-सी, बॅटरी ५००० एमएएच.

दीड महिन्यापासून चार्जरची पिन धरतच नाही. केबल एका अंगाला वाकवून खाली काडेपेटी टेकवली तर चार्जिंगचं चिन्ह दिसतं, हात लागला की गेलं. रात्रभर लावूनही सकाळी सत्तर टक्क्यांच्या वर जात नाही. दोन नव्या केबली आणून झाल्या. एका दुकानात सांगितलं, जॅक गेलाय, ८०० रुपये लागतील.

त्यात आता मागचं झाकण एका कोपऱ्यातून उचललंय. नख आत जाईल एवढी फट आहे. नानांनी त्यावर रबरबँड लावलाय आणि तसाच वापरतायत. दुसऱ्या दुकानदारानं सांगितलं, पन्नास रुपयांत चिकटवून देतो.

आणखी एक. नाना दर कोजागिरीला तुळजापूरला चालत जातात. गेल्या वर्षी तामलवाडीच्या पुढे त्यांचा फोन बंद पडला आणि आई पहाटेपर्यंत दारातच बसून होती. म्हणून यंदा वीस हजार एमएएचची पॉवरबँक घ्यावी असं मनात आहे.

हाताशी सगळे मिळून अडीच हजार आहेत. जॅक, झाकण, पॉवरबँक, यातलं आधी काय करू? नवा फोन घ्यायला नाना तयार नाहीत. त्यांनी विणलेल्या चादरींच्या डिझाइनचे फोटो याच फोनमध्ये आहेत.

होटगी रोड

जॅक बदलायची घाई करू नका. माझ्या भावाच्या फोनचं अगदी असंच झालं होतं. टाचणीनं आतला कचरा काढला आणि फोन सुरळीत झाला. पैसे वाचतील.

जुना कारागीर

ताई, पुढचं वाचायच्या आधी एक काम करा. फोन चार्जिंगला असेल तर काढा, रबरबँड सोडवा आणि फोन बंद करा. झाकण कुणाकडूनही चिकटवून घेऊ नका.

मी सोळाव्या वर्षापासून सात वर्षं टॉवेलच्या कारखान्यात होतो, कांड्या भरण्यापासून सुरुवात केली. २००७ पासून मोबाइल दुरुस्ती करतो. दुकान कुठं ते लिहीत नाही, जाहिरात होईल. पण माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मे तरी मागावरचेच असतात, त्यामुळे नानांचा फोन मी न बघताही बराचसा ओळखतो. त्यात दोन वेगवेगळे बिघाड आहेत. एक बिनखर्चाचा आणि बिनधोक्याचा. दुसरा खरा धोक्याचा. आणि दरवेळी लोक पहिल्यासाठी आठशे रुपये मोजतात आणि दुसऱ्याला रबरबँड लावतात. म्हणून एवढं लांबण लावतोय.

आधी धोक्याचा. झाकण आपोआप उचलत नाही, आतून बॅटरी फुगून त्याला ढकलते. लिथियम-आयन बॅटरी म्हणजे आत पातळ थर, त्यात भिजलेलं एक द्रव आणि वरून हवाबंद चांदीसारखं पाकीट. वयानं आणि उष्णतेनं ते द्रव हळूहळू मोडतं, त्यातून वायू तयार होतो. पाकीट हवाबंद, वायू जाणार कुठं? बॅटरी उशीसारखी फुगते. बटणाच्या फोनच्या जमान्यात आम्ही बॅटरी काढून काउंटरच्या काचेवर ठेवायचो आणि कडेला टिचकी मारायचो. भिंगरीसारखी फिरली की फुगली, सपाट बसली की चांगली. आता बॅटरी आत चिकटवलेली असते, म्हणून झाकण उचलेपर्यंत कुणाला कळत नाही. काही फोनमध्ये झाकणाऐवजी स्क्रीन वर येते, कडेनं उजेडाची बारीक रेघ दिसते.

फुगलेली बॅटरी दाबली, वाकली किंवा तिला टोक लागलं की आतले थर एकमेकांना टेकतात आणि शॉर्ट होतो. मग ती स्वतःच्याच उष्णतेनं पेटते, तिचा धूरही विषारी असतो. रबरबँड काय करतो? दिवसभर तिला दाबूनच धरतो. झाकण चिकटवून देणारा माणूसही तेच करणार, वर अंगठ्यानं दाब देऊन. नानांच्या आजूबाजूला काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. सुताचे कोन, तयार चादरींच्या थप्प्या, हवेत उडणारं तूस. खिशातला फोन तिथं पेटलेला चालणार नाही.

हे का झालं? फोन कंपन्या साधारण ० ते ३५ अंश तापमानात फोन वापरा म्हणतात. बॅटरीचे सेल ४५ अंशांपर्यंत चार्ज करायचे असतात, तेही फार तर. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४२-४३ वर असतो, तर पत्र्याखाली मोटारींच्या शेजारी काय होत असेल! त्यात फोनला जाड कव्हर असतं आणि तो चार्जिंगला घडी घातलेल्या चादरीवर ठेवलेला असतो. आपली चादर ऊब धरायलाच विणलेली आहे ना, ती फोनचीही ऊब धरते. उष्णता आणि १०० टक्के चार्ज, ही जोडी बॅटरीला सगळ्यात वाईट. तुमचा फोन पिन न धरल्यामुळे रात्र-रात्र चार्जरवर राहिला, तेही अंगावर आलं.

आता बिनखर्चाचा बिघाड. तुमच्या घरातला दुसरा टाइप-सी फोन घ्या, तीच केबल त्यात घाला आणि पिनचं धातूचं तोंड किती आत जातं ते बघून ठेवा. नानांच्या फोनमध्ये ती पिन अर्ध्या-एक मिलिमीटरनं तरी बाहेर राहत असेल. (बघायचं फक्त, वीज चालू करायची नाही.) आत तूस बसलंय. खिशात कापसाचा बारीक भुरा जातो, तिथून तो पोर्टमध्ये, म्हणजे चार्जिंगच्या भोकात. नुसता गेला तर झटकून पडला असता, पण आपणच रोज चार्जरची पिन घालून त्याला ठासतो. वर्षभरात त्याची नमद्यासारखी घट्ट गादी होते. मग पिन पूर्ण बसत नाही, वीज येते-जाते, आणि फास्ट चार्जिंगसाठी चार्जर आणि फोन आतल्या ज्या बारीक पट्ट्यांतून एकमेकांशी बोलतात त्या नीट टेकत नाहीत. केबल बदलून काही होत नाही आणि जॅकही बहुतेक वेळा शाबूत असतो. मी जॅक बदलायच्या आधी तूस काढून बघतो. मागावरच्या दहा फोनांपैकी सात-आठ तर तिथंच सुटतात.

होटगी रोडवाले दादा, तुमचं निदान बरोबर आहे, पण टाचणी नको. टाइप-सीच्या मधोमध एक पातळ जीभ असते. तिच्या दोन्ही अंगांना मिळून २४ बारीक पट्ट्या असतात, स्वस्त फोनांत काही वेळा १६. टाचणी घसरली की त्यातली एखादी वाकते किंवा दोन पट्ट्या जोडल्या जातात, मग खरोखर जॅक बदलावा लागतो. लाकडी टूथपिक घ्या, ब्लेडनं टोक चपटं करा. फोन बंद, पोर्ट जमिनीकडे. जिभेला न लागता कडेच्या भिंतीलगत आत जायचं आणि बाहेर ओढायचं, आत ढकलायचं नाही. फुंकर मारायची नाही, तोंडाची वाफ जाते.

नानांच्या फोनला मात्र हे आत्ता घरी करू नका. बॅटरी बाहेर निघाल्यावर त्याच टेबलवर करून घ्या.

विणकराची लेक

काका, खूप आभार. रबरबँड काढला, फोन बंद केला. झाकण आणखी थोडं उचललं तेव्हा पोटात गोळाच आला. आत्ता फोन मोरीजवळच्या फरशीवर ठेवलाय, आजूबाजूला काही नाही. चार्ज वीस टक्के होता.

एक विचारायचं राहिलं. नाना कारखान्यातल्या कॉम्प्रेसरच्या हवेनं अंगावरचं तूस झटकतात, तेव्हा फोनमध्येही हवा मारतात. त्यानंतर समोरच्याला आवाज तुटक जातो असं वाटतं. आणि बॅटरी बदलताना फोटो जातील का? चांगली बॅटरी कशी ओळखायची?

जुना कारागीर

फरशीवर ठेवलात ते उत्तम. वीस टक्केच चार्ज आहे हेही बरं, भरलेल्या बॅटरीपेक्षा धोका कमी. फोटो बॅटरीत नसतात, बॅटरी बदलल्यानं काही पुसलं जात नाही. तरी फोन सुरू झाल्यावर पहिलं काम म्हणून त्या डिझाइनच्या फोटोंची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. तेवढं नानांसाठी कराच.

कॉम्प्रेसरची हवा आजपासून बंद. माइकचं भोक चार्जिंगच्या पोर्टशेजारीच असतं आणि आतला पडदा फार नाजूक. एवढ्या जोराची हवा एक तर तो पडदा फाडते, नाहीतर तूस जाळीच्या आत नेऊन बसवते. बॅटरी बदलताना माइकची जाळी बघायला सांगा.

बॅटरी समोर बसून बदलून घ्या. माझ्याकडे अशा फोनला मजुरीसकट ७०० ते १२०० पडतात, बाहेरही त्याच्या आसपासच असेल. कारागीर झाकण तापवून सोडवेल. बॅटरी काढताना धातूची पट्टी खाली घालून उचकटत असेल तर थांबवा. खाली चिकटपट्टी ओढून किंवा थोडं स्पिरिट सोडून ती अलगद सुटते.

नव्या बॅटरीवरचं लेबल वाचा. त्यावर एमएएच, व्होल्ट आणि वॅट-अवर असे तीन आकडे असतात. पहिल्या दोघांचा गुणाकार करून हजारनं भागलं की तिसरा आला पाहिजे. ५००० एमएएच आणि ३.८७ व्होल्ट असेल तर १९.३५ वॅट-अवर. नकली मालावर मोठा आकडा ठळक छापलेला असतो आणि हिशोब जुळत नाही. दुसरी खूण म्हणजे वजन. माझ्याकडच्या छोट्या काट्यावर ५००० ची चांगली बॅटरी ६५-७० ग्रॅमच्या आसपास भरते. हातात घेतल्यावर जुनीपेक्षा फारच हलकी वाटली तर घेऊ नका.

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही. गाडीत कचरा दाबतात आणि तिथंच ती फुटते. दुकानातच द्या. मी वाळूच्या डब्यात ठेवतो आणि ई-कचरा नेणाऱ्याला देतो.

पॉवरबँकचं सांगतो. वीस हजारची घेऊ नका, दहा हजारची पुरे. पण दहा हजारमध्ये ५००० चा फोन दोनदा भरेल असं धरू नका. तो आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचा असतो, म्हणजे ३७ वॅट-अवर. बाहेर पडताना वीज ५ व्होल्टची होते, त्यात काही उष्णता होऊन जाते, फोनमध्ये भरतानाही जाते. हातात साधारण दीड वेळ येते, जुनी झाल्यावर त्याहून कमी. डब्याच्या मागे बारीक अक्षरात ५ व्होल्टला किती मिळेल ते लिहिलेलं असतं. दहा हजारच्या पॉवरबँकवर तो आकडा सहा हजारच्या अलीकडे-पलीकडे दिसला तर कंपनी खरं बोलतेय.

सोलापूर ते तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर. नाना संध्याकाळी निघाले तर पहाटे-सकाळी पोहोचतात. नवी बॅटरी भरून निघाले आणि खिशात दहा हजारची असली तर पोहोचून परतही येतील. वीस हजारची जवळजवळ दुप्पट वजनाची असते. एवढं चालणाऱ्या माणसाच्या खांद्यावर ते ओझं मला नको वाटतं.

घेताना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि त्याच्यासोबत ‘आर’नं सुरू होणारा नंबर बघा. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या वस्तूचा आहे ते दिसतं. रस्त्यावर दोनशे-तीनशेला मिळणाऱ्या पॉवरबँक मी उघडून बघितल्यात. जुन्या लॅपटॉपमधले सेल असतात, एकात तर वजनासाठी वाळूची पुडी निघाली.

घरची विडी

काका, माझंही विचारते. आई विड्या वळते, मांडीवर सूप आणि शेजारी फोन. हल्ली कानाला लावला की समोरच्याचा आवाज फार बारीक येतो, स्पीकरवर टाकला की ठीक. पोर्टसारखंच काही असेल का?

जुना कारागीर

तेच आहे ताई, फक्त जागा वेगळी. कानाच्या स्पीकरच्या जाळीवर तंबाखूची भुकटी बसते. हाताला पानाचा ओलावा असतो, त्यामुळे ती चिकटून थर होतो. लहान मुलाचा मऊ टूथब्रश घ्या, कोरडा. फोन पालथा धरून जाळीवर खालून हलक्या हातानं फिरवा, म्हणजे निघालेलं खाली पडेल. पाणी, तेल, सुई काही नको. दोन-तीन दिवस केलं की आवाज उघडेल. स्क्रीनला काच चिकटवली असेल तर ती जाळीवर आलीय का तेही बघा, पुष्कळदा खरं कारण तेच निघतं. आणि सूप मांडीवर असताना फोन आईच्या मागच्या बाजूला ठेवा, भुकटी पुढेच जास्त उडते.

होटगी रोड

टाचणीबद्दल सांगितलंत ते बरं झालं. भावाला सांगितलं, त्यानं घरातल्या तिन्ही फोनांवर तीच चालवली होती. फोन सुस्थितीत आहेत, पण आता टूथपिक.

नानांसाठी बूच घेतलं तर? ते रबरी, पोर्टला लावायचं मिळतं ना?

जुना कारागीर

मिळतं आणि मागावरच्या माणसाला लावाच. नवी पेठेत दहा-वीस रुपयांना असतं, टाइप-सीचं सांगून घ्या. एकच काळजी. कपाळाचा घाम निथळत पोर्टमध्ये गेला असेल तर आधी कोरडं होऊ द्या, मग बूच. ओलं तूस आत कोंडलं की पट्ट्यांवर हिरवट गंज चढतो. बूच नाही मिळालं तर फोन खिशात उलटा ठेवायचा, पोर्ट वर. तूस खिशाच्या तळाशी साचतं.

विणकराची लेक

चार दिवसांनी लिहितेय. परवा नानांना सुट्टी होती, आम्ही दोघं नवी पेठेत जाऊन बॅटरी बदलून आलो. समोर बसलो होतो. झाकण सुटलं आणि बॅटरी दिसली, मधोमध अशी टम्म की वरचं लेबल ताणून सुरकुत्या गेल्या होत्या. नाना काही बोलले नाहीत. बराच वेळ बघत राहिले, मग एवढंच म्हणाले, “हे मी छातीपाशी ठेवत होतो.”

नव्या बॅटरीचा गुणाकार मी तिथंच केला. १९.३५ आला. सगळे मिळून ९५० झाले.

मग मी त्या मुलाला म्हटलं, जॅक बदलायच्या आधी टूथपिकनं बघ. त्यानं भिंगाखाली धरून अलगद ओढलं आणि तुसाची एक चपटी पट्टी सबंध बाहेर आली, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी रुंद. मी ती कागदात घेतली. त्यात थर होते काका! तळाला मरून रंग, त्यावर मोरपंखी, वरती पिवळा. नानांनी कागद उजेडात धरला. म्हणाले, मरून हा संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेच्या आधीचा, तेव्हा महिनाभर तोच रंग चालला होता. मोरपंखी लगीनसराईची ऑर्डर. पिवळा आत्ता मागावर आहे तो. तो मुलगा आणि मी ऐकत राहिलो. जॅक बदलावा लागला नाही, त्या कामाचे त्यानं पैसेही घेतले नाहीत. माइकच्या जाळीतलंही तूस निघालं. आवाज आता स्वच्छ जातो.

पिन आता कट्ट आवाज करून बसते. कव्हर काढून, फरशीवर ठेवून चार्ज करतो. रात्री नाही, नाना पहाटे उठतात तेव्हा लावतात आणि निघेपर्यंत होतो. फोनच्या सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबवायची सोय निघाली, ती चालू केली. कोजागिरीच्या दिवशी तेवढी काढून पूर्ण भरू.

चादरींचे एकशे चौदा फोटो माझ्या फोनवर घेतले.

पॉवरबँक दहा हजारचीच आणली, आर-नंबर ॲपमध्ये टाकून बघितला, कंपनीचं नाव बरोबर आलं. मागे बारीक अक्षरात ५८०० लिहिलंय. बूचही लावलं. नाना ते काढून खिशात टाकतात आणि हरवतात, म्हणून आणखी चार आणून ठेवलीत. तामलवाडीला पोहोचले की पहिला फोन घरी करायचा, असं आईनं त्यांच्याकडून आत्ताच कबूल करून घेतलंय.